लिहून ठेवलेलं यंत्र : प्रस्तावना

‘काही नाही, फॉरमॅट मारावा लागेल.’ पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं असतं, आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी लिनक्स टाकताना पार्टिशन उडवलेलं असतं, कंपायलर काल चालत होता आणि आज चालत नसतो. मग लॅब असिस्टंट काका ड्रॉवरमधून सीडी काढतात. मी शिकवायला लागलो तेव्हा आमच्या लॅबमध्ये २४ संगणक होते आणि त्या चोवीसांचा स्वभाव एकट्या काकांना ठाऊक होता. सात नंबरच्या मशीनला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर वेगळा लागतो, अकरा नंबरची रॅम कमी आहे, एकोणीसवर डेटाबेस आधी टाकायचा आणि जावा नंतर. हे सगळं त्यांनी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवलं होतं. ते रजेवर गेले की आम्ही प्राध्यापक मंडळी ती वही शोधत फिरायचो.

हे पुस्तक त्या वहीपासून सुरू झालं, म्हणून तिचा उल्लेख आधी केला. विषय सांगायचा तर एका वाक्यात मावतो. रूबी या भाषेत चार ओळी लिहून आभासी यंत्र कसं घडवायचं, चालू कसं करायचं, त्याला कामाला कसं लावायचं आणि काम संपल्यावर ते कसं मोडायचं, हे इथे शिकवलं आहे. आभासी यंत्राला आपण बोलताना ‘व्हीएम’ म्हणतो आणि मीही पुढे तेच म्हणणार आहे. वाक्य सोपं असलं तरी त्याच्यामागे जवळपास साठ वर्षांची खटपट आहे. ती थोडी ठाऊक असली तर पुढची प्रकरणं पाठ करावी लागत नाहीत, समजतात.

एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं असल्याचा भास निर्माण करायचा, ही कल्पना आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात प्रत्यक्षात आली. सीपी-४० ही प्रणाली तिथे १९६७ साली चालू झाली. तेव्हा संगणक खोलीएवढा आणि किंमत अफाट, त्यामुळे एकाच यंत्रावर अनेकांना ‘हे माझं एकट्याचं’ असं वाटायला लावणं ही गरजच होती. १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आलं. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी अशी व्यवस्था कोणत्या प्रोसेसरवर नीट जमेल याची अट मांडली. साध्या शब्दांत अट अशी : यंत्राची खरी अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक सूचना पाहुण्याने, म्हणजे आभासी यंत्राने, दिली, तर यजमानाला, म्हणजे त्याला चालवणाऱ्या खऱ्या यंत्राला, ती मध्येच अडवता आली पाहिजे.

आपल्या टेबलांवर आलेले इंटेल घराण्याचे प्रोसेसर नेमके या अटीत नापास झाले. २००० साली पेंटियमच्या सूचनासंचाची छाननी झाली तेव्हा अशा १७ सूचना सापडल्या, ज्या नाजूक तर आहेत पण यजमानाला न कळवता परस्पर चालतात. पाहुणा घरात शिरून मीटरची वायर बदलतो आणि घरमालकाला पत्ता नाही, अशातला प्रकार. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर जो तोडगा काढला तो मला आजही थक्क करतो. त्यांनी पाहुण्याची सूचना चालण्याआधीच वाचायची आणि धोक्याची सूचना दिसली की तिच्या जागी निरुपद्रवी सूचना बसवायची, असं ठरवलं. म्हणजे चालत्या यंत्राचं चालता चालता भाषांतर. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली आणि ही कसरत बरीचशी संपली. २००७ च्या फेब्रुवारीत ही सोय वापरणारं केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झालं. त्यानंतर व्हीएम म्हणजे लिनक्सच्या लेखी इतर प्रोग्रॅमसारखाच एक प्रोग्रॅम उरला. ब्राउझर चालू करावा तसा संगणक चालू करायचा.

इतिहास इथेच थांबवतो, कारण मला सांगायची आहे ती गोष्ट पुढची आहे. व्हीएम स्वस्त झालं, तरी लॅबमधला त्रास संपला नाही. आम्ही चोवीस खऱ्या मशीनच्या जागी चोवीस व्हीएम केली आणि तीही माउसने टिचक्या मारत केली. नाव भरा, रॅम भरा, डिस्क निवडा, पुढे, पुढे, पूर्ण. एका व्हीएमला दहा मिनिटं. चौदाव्या व्हीएमच्या वेळी फोन वाजला आणि नेटवर्कचा पर्याय चुकीचा निवडला गेला. ते प्रॅक्टिकलच्या दिवशी कळलं. काकांची वही पुन्हा उघडली आणि तिच्यात नव्या पानांची भर पडली. यंत्र आभासी झालं, पण त्याच्याबद्दलचं ज्ञान होतं तिथेच, एका माणसाच्या हातात आणि डोक्यात राहिलं होतं.

ज्यांनी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकात काम केलं आहे, त्यांना मी हा विषय एका चित्रातून सांगतो. महाराष्ट्रीय कलोपासकची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. भरत नाट्य मंदिराचा रंगमंच एकच, आणि त्यावर एकामागून एक कॉलेजं येतात. पडदा पडलेला असताना एका संघाची चाळ, जिना, खिडकी उतरते आणि दुसऱ्या संघाचं शेत उभं राहतं. बाहेर ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी चालू असते आणि आत पडद्यामागची पोरं घड्याळाकडे बघत नेपथ्य लावत असतात. ते लावणं दोन प्रकारचं असतं. एका संघात सगळं एकाच पोराला माहीत असतं : कुठली चौकट कुठे टेकवायची, कुठल्या खुणेवर खुर्ची. तो आजारी पडला की बाकीचे हवालदिल. दुसऱ्या संघाकडे एक कागद असतो. त्यावर रंगमंचाचा आराखडा, वस्तूंची यादी, लावायचा क्रम. कागद हातात असेल तर पहिल्या वर्षाचा नवखा मुलगाही नेपथ्य उभं करतो. आणि ते मोडताना कुणाला हळहळ वाटत नाही, कारण उद्या फेरी पार झाली तर तेच नेपथ्य तसंच पुन्हा उभं राहणार आहे.

रंगमंच म्हणजे यजमान यंत्र, नेपथ्य म्हणजे व्हीएम, आणि तो कागद हा या पुस्तकाचा विषय. फरक इतकाच की आपला कागद माणसाला वाचता येतो आणि यंत्रालाही.

कागद यंत्राला कळावा म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. लिनक्सवर हा दुभाषी म्हणजे लिबव्हर्ट. रेड हॅटमध्ये २००५ साली त्याचं काम सुरू झालं. आधी तो झेन या आभासीकरण प्रणालीसाठी होता, मग केव्हीएम आणि इतरांशीही बोलायला शिकला. मूळ सी भाषेत लिहिलेला, पण रूबीतून त्याला हाक मारायची लायब्ररी उपलब्ध आहे. रूबीत लायब्ररीला ‘जेम’ म्हणतात आणि रूबी म्हणजे माणिक, त्यामुळे हे नाव शोभतंही. या जेममधून आधी यजमानाशी जोडणी उघडायची, मग व्हीएमचं वर्णन द्यायचं. प्रोसेसर किती, रॅम किती, डिस्क कुठे, नेटवर्क कोणतं, हे सारं त्या वर्णनात येतं. नंतर ‘चालू हो’ म्हणायचं.

वर्णन लिहिताना पहिला फटका रॅमच्या रकान्यात बसतो. लिबव्हर्टला नुसता आकडा दिला तर तो किलोबाइटमध्ये धरतो. दोन जीबी हवी असेल तर २०९७१५२ लिहावं लागतं. आमच्या शनिवारच्या वर्गात जवळपास दर बॅचमध्ये कुणीतरी २०४८ लिहितं आणि दोन एमबी रॅमचं यंत्र काळ्या पडद्यावर गप्प बसून राहतं. यावर उपाय म्हणजे एकक स्पष्ट लिहिणं. तरी मी विद्यार्थ्यांना हा फटका एकदा खाऊ देतो. यजमान आपल्या मनातलं ओळखत नाही, लिहिलं तेवढंच करतो, हे त्यातून पक्कं कळतं.

दुसरा फटका शब्दांचा आहे आणि तो फार महागात पडू शकतो, म्हणून त्यावर मी एक आख्खं प्रकरण खर्च केलं आहे. लिबव्हर्टमध्ये व्हीएमला ‘डोमेन’ म्हणतात. हा झेनच्या घरातून आलेला शब्द, वेबसाइटच्या डोमेनशी त्याचा संबंध नाही. ‘क्रिएट’ म्हणजे नवं घडवणं नव्हे, आधी नोंदवलेलं यंत्र चालू करणं. घडवण्याच्या जागी ‘डिफाइन’ आहे. ‘शटडाउन’ ही विनंती असते. आपण बटण दाबल्यासारखा इशारा पाहुण्याकडे जातो आणि पाहुण्याने तो ऐकला नाही तर यंत्र चालूच राहतं. आणि ‘डिस्ट्रॉय’ म्हणजे नष्ट करणं नव्हे! डिस्ट्रॉय म्हणजे भिंतीतला प्लग खेचणं. यंत्र धाडकन बंद पडतं, पण त्याची नोंद आणि डिस्क जागेवर असतात. नोंद काढायची तर ‘अनडिफाइन’ म्हणावं लागतं.

याच पुस्तकाच्या उत्तरार्धात, फाइलीत लिहिलेल्या वर्णनावरून व्हीएम उभं करणारं व्हॅग्रंट हे साधन येतं. तिथेही ‘डिस्ट्रॉय’ आहे, पण तिथे त्याचा अर्थ खरोखर मोडून टाकणं असा आहे, डिस्कसकट. मी एका वर्षी हा फरक सांगायला विसरलो. लिबव्हर्ट शिकवून झाल्यावर व्हॅग्रंटकडे वळलो आणि शब्द तोच असल्यामुळे अर्थही तोच, असं मुलांनी धरलं. एका विद्यार्थिनीने तिचं यंत्र अडकलं म्हणून निर्धास्तपणे डिस्ट्रॉय दिलं. तिची आठवड्याची मेहनत त्या डिस्कवर होती. ती रडली नाही. तिने शांतपणे विचारलं, ‘सर, हा शब्द दोन्हीकडे वेगळा आहे हे लिहिलेलं कुठे सापडतं?’ मराठीत ते कुठेच सापडत नव्हतं. चूक माझी होती आणि ती भरून काढायचा हा एक प्रयत्न आहे. म्हणून या पुस्तकात जिथे जिथे असा शब्द आला आहे तिथे मी आधी मराठी क्रियापद दिलं आहे : प्लग खेचा, नोंद काढा, मोडून टाका. साधनाचं नाव त्याच्या मागून येतं.

याच्या जोडीला डिस्कची एक युक्ती सांगायला हवी, कारण यंत्र मोडण्याची भीती तिच्यामुळे जाते. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर दुरुस्त्या काढायची सवय जुन्या पिढीला आहे. मूळ नकाशाला शाई लागत नाही. व्हीएमच्या डिस्कचंही असंच करता येतं. चार जीबीची एक मूळ प्रतिमा तयार करायची आणि तिला हात लावायचा नाही. प्रत्येक व्हीएमला तिच्यावर ठेवलेला आपापला पारदर्शक थर मिळतो आणि त्यात फक्त त्या व्हीएमने केलेले बदल साठतात. चोवीस व्हीएमसाठी ९६ जीबी लागत नाहीत. नवा थर सुरुवातीला काहीशे केबीचा असतो. यंत्र बिघडलं तर थर फाडून टाकायचा आणि नवा ठेवायचा. फॉरमॅट मारायला जिथे दुपार जायची तिथे आता काही सेकंद लागतात.

यंत्र लिहून ठेवण्याचा फायदा आम्हाला लाईट गेल्यावर कळला. पुण्यात गुरुवार हा विजेच्या आणि पाण्याच्या दुरुस्तीचा वार. एका गुरुवारी दुपारी लाईट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या थकलेल्या होत्या आणि आमचा सर्व्हर त्याच्यावरच्या सगळ्या व्हीएमसकट बसला. चारनंतर लाईट आली तेव्हा डिस्कचा काही भाग खराब झालेला होता. दुसऱ्या दिवशी परीक्षा. वर्गात दोन प्रकारच्या जोड्या होत्या. काहींनी आपली व्हीएम टिचक्या मारून केलेली, काहींनी रूबीची फाइल लिहून. फाइलवाल्यांनी फाइल दुसऱ्या संगणकावर नेली, चालवली आणि वीस मिनिटांत चहाला गेले. टिचक्यावाले रात्री साडेनऊपर्यंत ‘तो तिसरा चौकोन आपण टिक केला होता का गं?’ असं एकमेकांना विचारत होते. त्यांच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. फक्त ती कुठे नोंदलेली नव्हती. त्या संध्याकाळी काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘सर, मला हे फाइलचं शिकवा.’ रूबी शिकायला सुरुवात केली तेव्हा ते पन्नाशीचे होते.

आता रूबीच का, हा प्रश्न. यजमानाशी पायथॉनमधूनही बोलता येतं, सी किंवा गोमधूनही. माझी पसंती सकारण आहे. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ साली रूबीचं काम हाती घेतलं आणि डिसेंबर १९९५ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला लिहिताना बरं वाटलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्याचं एक फळ म्हणजे ‘ब्लॉक’. ‘हे करा’ आणि ‘संपलं’ यांच्या मध्ये ओळींचा एक गठ्ठा लिहून तो दुसऱ्याच्या हाती सोपवायचा. ही सोय असल्यामुळे रूबीतला प्रोग्रॅम आज्ञांची रांग न वाटता वर्णन वाटू शकतो. ‘यंत्र असं असावं : नाव हे, रॅम एवढी, नेटवर्क हे.’ मिचेल हाशिमोतो यांनी २०१० साली व्हॅग्रंट लिहिलं तेव्हा याच सोयीवर ते उभं केलं. त्याची फाइल ही खरं तर रूबीचा प्रोग्रॅम असते, पण रूबी न येणारा माणूसही ती वाचून समजू शकतो. त्याआधी पपेट आणि शेफ या साधनांनीही रूबीचाच आधार घेतला होता. यंत्रांची मांडणी लिहून ठेवायची सवय एका मोठ्या पिढीला लागली ती रूबीत.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. रूबी जपानमध्ये वाढली ती जपानी भाषेत. तिच्यावरचं पहिलं पुस्तक १९९९ साली जपानीत आलं, इंग्रजी पुस्तक त्यानंतर २००० साली. तिच्याबद्दलच्या चर्चा, शंका, दुरुस्त्या हे सगळं सुरुवातीची वर्षं प्रामुख्याने जपानीत झालं, आणि तरी रूबी जगभर गेली. पुण्याला जपानी परकी नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवली जाते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घडवलेलं आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं रविवारी सकाळी कांजी गिरवायला जातात. ज्या भाषेच्या कर्त्याने तंत्रज्ञान आपल्या मातृभाषेत मांडायला लाज बाळगली नाही, तिच्याबद्दल मराठीत लिहिताना मला बळ येतं.

आणि रूबी मराठीला खरोखर जागा देते. २०१३ च्या आवृत्तीपासून तिच्या फाइली युनिकोड धरून चालतात आणि चलांना, पद्धतींना देवनागरी नावं देता येतात. या पुस्तकातल्या पहिल्या प्रोग्रॅममधल्या पद्धतीचं नाव ‘यंत्र_उभारा’ आहे आणि ते जसंच्या तसं चालतं. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. रूबीत वर्गाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावं लागतं आणि देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं. त्यामुळे वर्गाच्या नावाचं पहिलं अक्षर रोमन ठेवण्यावाचून इलाज नाही. भाषेचे मूळ शब्दही इंग्रजीच राहतात. पण माझा अनुभव असा की पद्धतींची नावं मराठी केली की विद्यार्थी नाव देण्याआधी थांबतात. ‘डू प्रोसेस’ असं काहीतरी लिहून पुढे सरकणारा मुलगा ‘पाहुण्याला_जागं_कर’ लिहिताना ही पद्धत नेमकं काय करते याचा विचार करतो. कंपनीत गेल्यावर इंग्रजी नावंच वापरावी लागतील, ती वापरावीत. विचार करायची सवय तोवर लागलेली असते.

पुण्यात रूबीची माणसं पुष्कळ आहेत. २०१२ आणि २०१३ ही लागोपाठ दोन वर्षं रूबीकॉन्फ इंडिया पुण्यात भरली. पुण्यात रेड हॅटचं मोठं कार्यालय आहे. व्हीएमच्या आत काय चाललंय हे बाहेरून विचारता यावं म्हणून यजमान आणि पाहुण्यामध्ये एक खास वाहिनी असते, व्हर्टिओ-सिरियल. तिचा लिनक्समधला भाग घडवण्यात पुण्यातून काम करणाऱ्या अभियंत्याचा मोठा वाटा आहे. ‘तुझा आयपी पत्ता काय?’ असं रूबीतून पाहुण्यामधल्या निरोप्याला विचारलं की तो प्रश्न या वाहिनीने आत जातो. हे मी वर्गात आवर्जून सांगतो. हे तंत्र कुठेतरी दूर, समुद्रापलीकडच्या लोकांनी आपल्यासाठी करून पाठवलेलं आहे, असा समज मुलांच्या मनात फार खोल गेलेला असतो.

आयपी पत्त्याचा विषय निघाला म्हणून वाट पाहण्याबद्दल. कोडमधून यंत्र चालवताना नवशिक्याची सर्वात जास्त वेळा होणारी चूक ही घाईची असते. ‘चालू हो’ ही आज्ञा लगेच परत येते, पण यंत्र अजून अर्धं झोपेत असतं. त्याला पत्ता मिळालेला नसतो, आतली दारं उघडलेली नसतात. पुढची ओळ त्याच्याशी बोलायला जाते आणि प्रोग्रॅम कोसळतो. मग मुलं मध्ये तीस सेकंदांची झोप घालतात. त्यांच्या लॅपटॉपवर ते चालतं, सर्व्हरवर गर्दी असली की पुन्हा कोसळतं. क्लाउडवरची यंत्रं चालवण्यासाठी २००९ साली वेस्ली बिअरी यांनी सुरू केलेल्या ‘फॉग’ या रूबी लायब्ररीत याचं फार सुंदर उत्तर आहे. क्लाउड म्हणजे ढग, आणि ढग जमिनीवर उतरला की धुकं, म्हणून हे नाव. तिथे ‘तयार होईपर्यंत थांब’ असं लिहिता येतं आणि तयार म्हणजे काय याची अट ब्लॉकमध्ये देता येते. घड्याळाकडे बघून थांबायचं नाही, अट पुरी होईपर्यंत थांबायचं, आणि फार वेळ झाला तर तक्रार करायची. सातव्या प्रकरणात हेच आहे. ते घाईने वाचू नका, आधीच्या सगळ्या प्रकरणांतले प्रोग्रॅम त्याच्या आधारे पुन्हा लिहून पाहा.

फॉगची आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या कामाची. तिच्यात खोटा क्लाउड उभा करायची सोय आहे. प्रोग्रॅम सगळा खरा, पण पलीकडे यंत्रं नाहीत आणि बिलही नाही. क्रेडिट कार्ड नसलेल्या विद्यार्थ्याला यामुळे क्लाउडचा प्रोग्रॅम घरी बसून लिहिता येतो.

साधनं जुनी होतात, हे मी लपवणार नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये अझ्युर या आपल्या क्लाउडची केंद्रं भारतात उघडली आणि त्यातलं ‘सेंट्रल इंडिया’ हे पुण्यात आहे. आमच्या वर्गातला मुलगा कोडमधून यंत्र मागवायचा आणि ते याच शहरात कुठेतरी जागं व्हायचं, याचं त्याला केवढं अप्रूप वाटायचं! पण अझ्युरची रूबीसाठीची अधिकृत लायब्ररी २०२१ साली निवृत्त झाली. व्हॅग्रंटचा परवाना २०२३ च्या ऑगस्टमध्ये बदलला आणि पुढच्या आवृत्त्या पूर्वीसारख्या मुक्त राहिल्या नाहीत. आज नव्या साधनांपैकी बरीच गो भाषेत लिहिली जातात. एक गंमतीचा फेरा मात्र नोंदवावासा वाटतो. आयबीएमने २०१९ साली रेड हॅट घेतली आणि २०२५ साली व्हॅग्रंटची कंपनी हॅशिकॉर्पही घेतली. जिथे १९६७ साली ही कल्पना चालू झाली त्याच घरात आपली दोन्ही साधनं येऊन पोहोचली आहेत.

तरी मी रूबी आणि लिबव्हर्ट यांवर हे पुस्तक लिहिलं, कारण लिबव्हर्ट मुक्त आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि त्याच्या पोटात हात घालून बघता येतं. परभणीच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलीला हे शिकण्यासाठी कुणाची परवानगी किंवा महिन्याचं बिल लागू नये. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. बायोसमध्ये आभासीकरणाचा पर्याय कधीकधी बंद असतो, तो आधी चालू करा. यंत्र रांगतंय असं वाटलं तर दहापैकी नऊ वेळा कारण तेच असतं.

मराठीबद्दल थोडं. आमच्या शाखेची पाठ्यपुस्तकं घ्यायला मुलं अप्पा बळवंत चौकात जातात आणि तिथे इंग्रजीचे गठ्ठे असतात. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा मला एकाच वेळी आनंद आणि काळजी वाटली. काळजी शब्दांची. कोशातून काढलेले जड शब्द मुलांच्या तोंडी बसत नाहीत आणि मग मराठीच अवघड असा शिक्का बसतो. म्हणून मी यजमान आणि पाहुणा हे शब्द घेतले, कारण ते अर्थ बरोबर सांगतात. नेटवर्क, डिस्क, रॅम, फाइल तसेच ठेवले. यजमानावर व्हीएम चालवणाऱ्या ‘हायपरव्हायझर’साठी मला चांगला मराठी शब्द सापडला नाही, तो तसाच आहे. कुणाला सापडला तर पुढच्या आवृत्तीत घ्यायला मला आनंद होईल.

प्रकरणांचा क्रम मुद्दाम उलटा वाटेल असा आहे. यंत्र मोडणं दुसऱ्याच प्रकरणात आहे आणि त्याच्यावर सजावट करणं शेवटी. मोडायची भीती गेल्याशिवाय मुलं प्रयोग करत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक बिघडवलेला प्रोग्रॅम दिला आहे. तो दुरुस्त करताना तुमचा संगणक बिघडणार नाही, फार तर पाहुणा आजारी पडेल.

काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ती दोनशे पानी वही माझ्या टेबलावर ठेवली. कोपरे झिजलेले, मुखपृष्ठावर चिकटपट्टी. मी म्हटलं, ‘काका, तुमच्याकडेच राहू द्या.’ ते म्हणाले, ‘मला कशाला? सगळी पानं फाइलीत उतरवलीत मी.’ आणि खरंच, सर्व्हरवर त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये २४ फाइली होत्या. प्रत्येकीच्या माथ्यावर मराठीत टिपण होतं. या पुस्तकातला पहिला स्वाध्याय त्यांच्या एकोणीस नंबरच्या फाइलीवरून घेतला आहे. डेटाबेस आधी, जावा नंतर. असं का, ते त्यांनी टिपणात लिहिलेलं आहे. मी ते स्वाध्यायातून काढून टाकलं आहे, तुम्ही शोधून काढा.